आजारपणाचा पैसा कोण भरतो, आणि कधी

कोथरूडमधील एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा प्रश्न असा आहे. त्यांची मुलगी म्युनिकला असते. तिच्या बाळंतपणात रुग्णालयाने जवळजवळ काहीच पैसे मागितले नाहीत. पुतण्या इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला वर्षभर थांबावे लागले. मुलगा न्यू जर्सीत आहे. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर विमा असूनही त्याला खिशातून काही हजार डॉलर भरावे लागले. स्वतः त्यांचे वय ६९ असून पॉलिसीचा हप्ता दरवर्षी वाढतो आहे. यांपैकी कोणती व्यवस्था चांगली, ती आपल्याकडे का येत नाही, आणि मी माझ्या पॉलिसीचे काय करू, असे ते विचारतात.

पुण्यातल्या रुग्णालयांच्या प्रशासनात माझी अठ्ठावीस वर्षे गेली आणि त्यांतली निम्मी बिलिंगच्या व कॅशलेसच्या खिडकीमागे गेली. त्यामुळे उत्तराची सुरुवात मी त्या खिडकीपासूनच करतो. रात्री दोन वाजता वडिलांना छातीत दुखते म्हणून घेऊन आलेल्या मुलाला मी त्या खिडकीतून शेकडो वेळा पाहिले आहे. एका हातात प्लास्टिकची फाइल, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि समोरून येणारा प्रश्न, ‘डिपॉझिट किती भरताय?’ घासाघीस करण्याच्या, दुसरीकडे चौकशी करण्याच्या किंवा नको म्हणण्याच्या अवस्थेत तो मुलगा नसतो. कोणत्याही देशाची आरोग्यव्यवस्था तपासताना माझा पहिला प्रश्न हाच असतो, की तिथे माणसाकडून पैसा केव्हा घेतला जातो. तो धडधाकट असताना थोडाथोडा घेतला जातो, की तो या खिडकीपाशी येऊन उभा राहतो तेव्हा एकदम? सरकारी की खाजगी हा वाद आपल्याकडे फार रंगतो, पण तो दुय्यम आहे. जपानमधली बहुसंख्य रुग्णालये खाजगी आहेत आणि तरीही तिथला रुग्ण बिलाच्या धसक्याने घरी बसून राहत नाही.

पुणेकरांना हे पाण्यावरून चटकन कळेल. ज्याला महापालिकेचे पाणी मिळते तो करातून पैसे देतो आणि खडकवासल्यात साठा आहे म्हणून निर्धास्त असतो. ज्या सोसायटीला नळ नाही ती एप्रिल-मेमध्ये टँकर मागवते आणि टँकरवाला सांगेल तो दर देते. पाणी दोघांनाही लागते, परंतु एकाने ते सर्वांबरोबर आधीच साठवून ठेवलेले असते आणि दुसरा तहान लागल्यावर विकत घेतो. भारतातला उपचारांचा मोठा हिस्सा आजही टँकरच्या पद्धतीने चालतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून भरली होती. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास आले. घट मोठी आहे, पण उरलेले ३९ टक्केही थोडे नव्हेत.

आता आपल्या मुलीच्या जर्मनीकडे वळू. तिथली व्यवस्था सर्वांत जुनी. बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला; समाजवाद्यांच्या हातातून कामगार काढून घेणे हा त्यामागचा हेतू होता, हेही सांगून ठेवायला हवे, कारण आरोग्यव्यवस्था केवळ दयाबुद्धीतून जन्माला येतात असे मानण्याचे कारण नाही. आज तिथे शंभराच्या आत विमा-निधी आहेत. ते सरकारी खाती नाहीत आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्याही नाहीत. पगाराच्या १४.६ टक्के वर्गणी कामगार आणि मालक निम्मी-निम्मी भरतात, त्यावर प्रत्येक निधीची स्वतःची जादा वर्गणी असते, जी २०२५ साठी सरासरी २.५ टक्के धरली होती. येथे बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट अशी, की वर्गणी पगारावर ठरते, आजारावर किंवा वयावर नाही. पंचवीस वर्षांचा धावपटू आणि साठ वर्षांचा मधुमेही यांचा पगार सारखा असेल तर वर्गणीही सारखीच. कमाई नसलेला जोडीदार आणि मुले यांचा विमा त्याच वर्गणीत होतो. मग एखाद्या निधीकडे आजारी माणसेच जास्त गोळा झाली तर तो बुडणार नाही का? तसे होऊ नये म्हणून सगळी वर्गणी एका मध्यवर्ती कोषात जाते आणि तिथून प्रत्येक निधीला त्याच्या सभासदांचे वय व आजार पाहून रक्कम मिळते. त्यामुळे आजारी माणसाला दारातून परत पाठवण्यात निधीला काही लाभ उरत नाही. आपल्याकडे हप्ता कशावर ठरतो ते आठवून पाहा, म्हणजे आपल्या पॉलिसीचा हप्ता का वाढतो तेही ध्यानात येईल.

मुलीने पैसेच दिले नाहीत असे मात्र समजू नका. तिच्या पगारातून दर महिन्याला जी कपात होते ती आपल्याला दिसत नाही इतकेच. खिडकीवर तिथेही थोडे द्यावे लागते. रुग्णालयात दिवसाला १० युरो, तेही वर्षातून जास्तीत जास्त २८ दिवस, आणि सर्व मिळून उत्पन्नाच्या २ टक्क्यांहून अधिक नाही. जुनाट आजार असणाऱ्यांना १ टक्का. बाळंतपणासाठी तेवढेही नाही. जर्मनीचा दोष असा, की ठरावीक उत्पन्नाच्या वरच्या लोकांना या सामाईक निधीतून बाहेर पडून खाजगी विमा घेता येतो, आणि मग तरुण, निरोगी, चांगले कमावणारे यांतले अनेक जण तसे करतात. डॉक्टरची वेळ त्यांना लवकर मिळते, ही तिथल्या सामान्य माणसाची नेहमीची कुरकुर आहे.

इंग्लंडने दुसरा रस्ता धरला. महायुद्ध चालू असतानाच १९४२ मध्ये सामाजिक सुरक्षेविषयीचा विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल आला आणि ५ जुलै १९४८ रोजी आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांनी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. वर्गणी नाही, विम्याचे कार्ड नाही. सर्वसाधारण करांतून पैसा येतो आणि रुग्णाकडून उपचाराच्या वेळी तो घेतला जात नाही. १९५१ मध्ये कवळी आणि चष्मा यांवर शुल्क बसवले तेव्हा बेव्हन यांनी राजीनामा दिला. औषधाच्या चिठ्ठीवर इंग्लंडमध्ये आजही शुल्क आहे, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ते नाही. पुतण्या ज्याच्याकडे नोंदलेला आहे तो कुटुंब-डॉक्टर बहुतेक ठिकाणी सरकारी नोकर नसतो, कंत्राटावर काम करणारा स्वतंत्र व्यावसायिक असतो, आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्याच्या यादीत किती माणसे आहेत यावर ठरतो, त्याने किती तपासण्या लिहिल्या यावर नाही. विनाकारण सोनोग्राफी लिहून त्याला काहीही मिळत नाही. उलट रुग्णाला लवकर मार्गी लावण्याकडे त्याचा कल झुकू शकतो. त्याच्याकडे दहा मिनिटांच्या वर वेळ मिळत नाही अशी जी तक्रार असते, तिचे एक मूळ इथे आहे.

आणि मग थांबणे. इंग्लंडमधली प्रतीक्षायादी २०२३-२४ मध्ये ७५ लाखांच्या आसपास होती, तर १८ आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत असे तिथले उद्दिष्ट आहे. पैशाच्या रांगेऐवजी वेळेची रांग, असे त्याचे स्वरूप आहे. हृदयविकाराचा झटका आलेला माणूस त्या रांगेत नसतो. गुडघा, मोतीबिंदू, हर्निया असतात. गुडघा दुखत वर्ष काढणे ही लहान गोष्ट नव्हे, हे मी मान्य करतो. तरी आपल्याकडेही रांग आहेच. पैसे जमेपर्यंत, बोनस येईपर्यंत किंवा उसाचे बिल मिळेपर्यंत जे गुडघेदुखीचे रुग्ण थांबतात त्यांची यादी कोणी ठेवत नाही, म्हणून ती दिसत नाही. पुतण्या व्हिसावर गेला असेल तर त्याने प्रवेशापूर्वीच आरोग्य अधिभार भरलेला असेल. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आहे.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे, कारण ती कोणी आखलेली व्यवस्थाच नव्हे. ती साचत गेली. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढ गोठवली, पण आरोग्यविम्यासारख्या सवलतींना त्यातून वगळले. कामगार मिळवण्यासाठी कारखानदारांनी विमा द्यायला सुरुवात केली, पुढे त्याला करसवलत मिळाली, आणि विमा नोकरीला चिकटला तो कायमचा. नोकरी नसलेल्या वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी १९६५ मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड आले. उरलेल्या फटी बुजवण्याचा मोठा प्रयत्न २०१० च्या कायद्याने झाला, तरीही कोट्यवधी लोक विम्याबाहेर आहेत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७ टक्क्यांहून अधिक रक्कम हा देश आरोग्यावर खर्च करतो; इंग्लंड ११ च्या आणि जर्मनी १२ टक्क्यांच्या आसपास. असे असूनही अमेरिकेतले सरासरी आयुर्मान या दोघांपेक्षा कमी आहे. तिथे औषधे जास्त घेतली जातात किंवा माणसे रुग्णालयात जास्त दिवस राहतात असे नाही. किंमती जास्त आहेत. एकाच रुग्णालयात एकाच शस्त्रक्रियेचा दर विमा कंपनीगणिक बदलतो, कारण प्रत्येक जण स्वतंत्र सौदा करतो. औषधांच्या किंमतींवर कंपन्यांशी घासाघीस करण्याचा अधिकार मेडिकेअरला २०२२ च्या कायद्याने मिळाला, तोही मोजक्याच औषधांपुरता. आपल्या मुलाने भरलेले डॉलर म्हणजे बहुधा त्याच्या पॉलिसीतली ‘डिडक्टिबल’, म्हणजे विमा सुरू होण्यापूर्वी स्वतः भरायची वार्षिक रक्कम असावी; हप्ता कमी ठेवायचा तर ती वाढते.

किंमतीचा विषय निघाला आहे तर जपानचा उल्लेख टाळता येत नाही. १९६१ पासून तिथे प्रत्येकाला विमा आहे. रुग्ण साधारणपणे बिलाच्या ३० टक्के भरतो, वृद्धांना कमी, आणि महिन्याच्या खर्चाला उत्पन्नानुसार मर्यादा असते. पण खरी मेख दरपत्रकात आहे. इंजेक्शनपासून मेंदूच्या शस्त्रक्रियेपर्यंत प्रत्येक उपचाराला गुण ठरलेले, एका गुणाला १० येन, टोकियोतल्या मोठ्या रुग्णालयातही तेच आणि होक्काइडोतल्या छोट्या दवाखान्यातही तेच. दर दोन वर्षांनी सरकार, डॉक्टर आणि विमा भरणारे समोरासमोर बसून ते बदलतात. एखाद्या तपासणीचे प्रमाण अवास्तव वाढले की तिचा दर खाली येतो. आपल्याकडे फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटवर आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यावर कमाल किंमत आली, ते पाऊल योग्यच होते. परंतु खिडकीच्या आतल्या बाजूने मी काय पाहिले? स्टेंटची ओळ आखडली आणि त्याखालच्या ओळी लांबल्या: कॅथलॅब शुल्क, उपभोग्य साहित्य, देखरेख शुल्क. बिलाला एका बाजूने दाबले की ते दुसरीकडून फुगते. पूर्ण दरपत्रक असल्याशिवाय एका वस्तूची किंमत बांधून फारसे हाती लागत नाही.

कॅनडात प्रांत विमा चालवतात आणि डॉक्टर-रुग्णालयाचा खर्च भागतो, पण रुग्णालयाबाहेरच्या औषधांचे सर्वांना मिळणारे संरक्षण तिथे अजून तुटपुंजे आहे. सिंगापूर प्रत्येकाच्या पगारातून त्याच्याच खात्यात सक्तीची बचत करवते. शिस्तीच्या, श्रीमंत, छोट्या देशाला ते शोभते. मोलमजुरी करणाऱ्याच्या खात्यात साठणार किती?

आपला दुसरा प्रश्न, हे आपल्याकडे का नाही. जर्मनीचे प्रतिरूप आपल्याकडे आहे, ते म्हणजे ईएसआयसी, अर्थात कर्मचारी राज्य विमा महामंडळाची योजना. कायदा १९४८ चा, योजना १९५२ पासून. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतला कामगार पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्यात कुटुंबाची बाह्यरुग्ण सेवा, औषधे, शस्त्रक्रिया, आजारपणातला पगार, सगळे येते. इतके व्यापक संरक्षण देणारी पॉलिसी बाजारात शोधून सापडणार नाही. पण मर्यादा २१,००० रुपये पगाराची. एकदा एका कामगाराने पगार २१,५०० झाला म्हणून आमच्या कार्यालयात पेढे आणले होते. त्याच्या बायकोचे डायलिसिस चालू होते. चालू अंशदान कालावधी (वर्गणीची सहामाही) संपला की आपण योजनेबाहेर पडणार, हे त्याला माहीत नव्हते आणि त्याला ते सांगण्याचे काम माझ्या वाट्याला आले. शिवाय पगारातून कपात करायची तर आधी पगाराची पावती हवी. भाजीवाला, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या मावशी, शेतकरी यांच्याकडून पगारावर वर्गणी घ्यायची कशी?

याच अडचणीतून थायलंडने वाट काढली आणि म्हणून मला जर्मनी-इंग्लंडपेक्षा थायलंडकडून जास्त शिकण्यासारखे वाटते. तिथेही असंघटित लोकच जास्त होते. सरकारी नोकरांची एक योजना, कंपन्यांतल्या कामगारांची दुसरी, आणि बाकीचे वाऱ्यावर. २००२ मध्ये त्यांनी या ‘बाकीच्यां’कडून वर्गणी मागण्याचा नाद सोडला आणि त्यांचा खर्च करांतून उचलला. प्रत्येक भेटीला ३० बात (थायलंडचे चलन) द्यायचे, म्हणून लोक तिला तीस बातची योजना म्हणू लागले. माणूस आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाशी जोडला जातो आणि नोंदलेल्या माणसामागे वर्षाची ठरावीक रक्कम त्या जाळ्याला मिळते. दाखल रुग्णांसाठी आजाराच्या गटानुसार ठरावीक पैसे मिळतात, पण एकूण खर्चाला वरून टोपण असते. हे जमले, कारण त्याआधीची वीसेक वर्षे त्यांनी तालुक्या-तालुक्यात रुग्णालये बांधण्यात आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची करण्यात घालवली होती. कार्ड नंतर आले, दवाखाना आधी.

आपण नेमके उलट केले. महाराष्ट्रात २०१२ मध्ये जीवनदायी योजना आली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, आणि आज राज्यातल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण कागदावर आहे. या योजनांनी अनेकांची घरे वाचवली आहेत. आमच्याच वॉर्डातून बायपास करून एक पैसाही न भरता घरी गेलेले लोक मी पाहिले आहेत. तथापि, त्या मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. त्याचा परिणाम जवळून पाहायचा तर हडपसरच्या बाजूचा एक हमाल मला आठवतो. मधुमेहाच्या गोळ्या महिन्यातले पंधरा दिवस घ्यायच्या आणि पंधरा दिवस सोडायच्या, कारण गोळ्या, रक्ततपासणी, डॉक्टरची फी हे सगळे खिशातून होते. पायाला जखम झाली, चिघळली आणि तो आमच्याकडे आला तेव्हा गुडघ्याखालून पाय काढावा लागला. शस्त्रक्रिया योजनेत बसली, मंजुरी दोन दिवसांत आली. पाय काढायला पैसे मिळाले, पाय वाचवायला मिळाले नव्हते.

पुण्यातला आणखी एक मार्ग धर्मादाय रुग्णालयांचा. इथली कित्येक मोठी रुग्णालये सार्वजनिक न्यास आहेत. सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातील कलम ४१ अअ आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तसेच बिलांच्या २ टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत टाकावी लागते. तरतूद चांगली आहे. मात्र ती हक्कापेक्षा अर्जावर चालते: उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, समाजसेवा अधीक्षकांची सही. ज्याच्या ओळखीत कोणी नगरसेवक किंवा कार्यकर्ता आहे त्याला खाट लवकर सापडते, हे आपण सगळे जाणतो.

आणि या सगळ्याच्या मुळाशी पैसा आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये, म्हणजे करोनाच्या वर्षांतही, तो १.८४ टक्के होता. १९४६ मध्ये देशाच्या आरोग्यसेवेची आखणी करणाऱ्या भोर समितीने ऐपतीअभावी कोणी उपचारांपासून वंचित राहू नये असे लिहून ठेवले; बेव्हरिज आणि भोर यांच्यात चारच वर्षांचे अंतर आहे.

आता आपली पॉलिसी. ती सोडू नका. या वयात नवीन घ्यायला गेलात तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, नूतनीकरणाच्या पावतीत तो लागलेला नाही ना ते पाहा. मग खोलीभाड्याची अट शोधा. समजा, विमा ५ लाखांचा आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. आपण ८,००० ची खोली घेतली. लोकांना वाटते, रोजचे वरचे ३,००० आपण देऊ. तसे होत नाही. बिल ३,२०,००० चे असून त्यांतले ८०,००० औषधे व इम्प्लांटचे असतील, तर उरलेल्या २,४०,००० मधले पाच-अष्टमांशच, म्हणजे १,५०,००० मंजूर होतात, कारण डॉक्टरांची फी आणि ओटीचे शुल्कही त्याच प्रमाणात कापले जाते. ९०,००० रुपये आपल्याकडून जातात आणि ते कळते डिस्चार्जच्या दिवशी, संध्याकाळी सहा वाजता.

पुढच्या वर्षी आपण सत्तर पूर्ण कराल तेव्हा उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांसाठीचे आयुष्मान भारतचे कार्ड, निघेल. आधारवरची जन्मतारीख धरली जाते, ती चुकीची असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. खाजगी पॉलिसी असली तरी हे कार्ड चालते. फक्त कार्ड हाती आले म्हणजे आपल्या नेहमीच्या रुग्णालयात ते चालेलच असे नाही. तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला, भेटा आणि रुग्णालय योजनेत आहे का एवढेच न विचारता, हृदयरोग, अस्थिरोग, मूत्रपिंड यांपैकी कोणत्या विभागासाठी आहे ते विचारा, आणि उत्तर फाइलमध्ये लिहून ठेवा.